ग्रंथालयांतील ग्रंथांची मांडणी

शहरांतील सुशिक्षित कुटुंबांत पुस्तकांचें एखादें तरी कपाट असतेंच. त्या कपाटांतील पुस्तकें कोणत्या क्रमानें लावलेलीं आहेत असा प्रश्न कोणी केला, तर बहुतेक घरांतून प्रामाणिक उत्तर येईल कीं, जशीं बसलीं तशीं. जाड ग्रंथ खालच्या फळीवर, लहान वरच्या, आणि उरलेलीं आडवीं, जेथें फट सांपडली तेथें. शेंदोनशें पुस्तकांपुरती ही व्यवस्था वाईट म्हणतां येणार नाहीं, कारण घरांतल्या एखाद्या माणसाच्या डोक्यांत सबंध कपाटाचा नकाशा असतो. तो माणूस परगांवीं गेला म्हणजे मात्र पंचाईत होते. पुस्तकें दोन हजार झालीं तर त्याचीहि स्मरणशक्ति पुरत नाहीं, आणि दोन लाख झालीं तर कोणाचीच पुरत नाहीं. दोन लाख पुस्तकांतून हवें तें एक पुस्तक पांच मिनिटांत हातीं द्यावयाचें, आणि तेंहि अशा वाचकाच्या हातीं कीं ज्याला पुस्तकाचें नांव ठाऊक नाहीं, केवळ आपला विषय ठाऊक आहे, ही गोष्ट ग्रंथालयाला कशी साधते, तें आज आपणांस सांगावयाचें आहे.

अडचण कोठें आहे तें आधीं नीट पाहिलें पाहिजे. फळी ही एक सरळ रेषा आहे. तिच्यावर प्रत्येक पुस्तकाला डावीकडे एक व उजवीकडे एक असे दोनच शेजारी मिळतात. ज्ञानाचें तसें नाहीं. एका विषयाचीं नातीं दहा दिशांना गेलेलीं असतात. लोकमान्य टिळकांचे तीन ग्रंथ घ्या. १८९३ सालचा 'ओरायन', १९०३ सालचा 'आर्क्टिक होम इन दि वेदाज' आणि १९१५ सालचें 'गीतारहस्य'. ग्रंथकाराच्या नांवावरून लावले तर हे तिन्ही एकमेकांस चिकटून उभे राहतील आणि टिळकांचा अभ्यास करणाराची सोय होईल. विषयावरून लावले तर 'गीतारहस्य' गीतेवरील भाष्यांच्या ओळींत जाईल व दुसरे दोन वेदकालनिर्णयाच्या ओळींत. त्यांतहि 'ओरायन' हें मृगनक्षत्राचें पाश्चात्त्य नांव. केवळ वरचें पान पाहून काम उरकणारा कारकून तो ग्रंथ खगोलाच्या फळीवर टाकून मोकळा होईल. वसंतसंपात मृगांत असल्याच्या उल्लेखांवरून वेदांचें प्राचीनत्व ठरविणें हा ग्रंथकाराचा हेतु आहे, हें आंतील चार पानें वाचल्यावांचून कळत नाहीं. म्हणून वर्गीकरण करणाराला पहिला पाठ हाच देतात कीं, पुस्तकाच्या नांवावर विसंबूं नये, तें कशासाठीं लिहिलें गेलें तें पाहावें. इतकें करूनहि खगोलाच्या अभ्यासकाला तो ग्रंथ हवा असतो तो असतोच. प्रत एक, फळी एक. तेव्हां कोणाला तरी एकाला लांब चालावें लागणार. कोणाला चालावयास लावावयाचें तें विचारपूर्वक ठरविणें, हेंच वर्गीकरणाचें काम आहे.

जुन्या काळीं हा विचार फारसा झाला नाहीं, कारण पुस्तकें थोडीं होतीं. इजिप्तमधील अलेक्झांड्रियाच्या प्रसिद्ध ग्रंथसंग्रहाची विषयवार सूची ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकांत कॅलिमाखस या कवीनें केली. ती स्वतःच एकशेंवीस गुंडाळ्यांची होती. युरोपांतील मध्ययुगीन मठांत ग्रंथ इतके मोलाचे कीं ते साखळीनें फळीला बांधून ठेवीत. इंग्लंडांत हेरेफर्ड येथील देवळांत तशी साखळदंडांची लायब्ररी अद्याप पाहावयास मिळते. तेथें पुस्तकांची पाठ भिंतीकडे व पानांची कड आपल्याकडे असते, कारण साखळी कडेला अडकवलेली. पाठ बाहेर ठेवली तर साखळ्यांचा गुंता होईल.

सतराव्या शतकांतील सर रॉबर्ट कॉटन यांची युक्ति याहून मजेदार होती. त्यांच्या कपाटांवर रोमन बादशहांचे अर्धपुतळे बसविलेले असत, व ज्या बादशहाखालीं ग्रंथ असेल त्याच्या नांवानें तो ओळखला जाई. बादशहाचें नांव, मग फळीचें अक्षर, मग त्या फळीवरचा क्रमांक. इंग्रजी भाषेंतील अति प्राचीन महाकाव्य 'बेओवुल्फ' याची एकुलती एक हस्तलिखित प्रत 'व्हिटेलियस' या पुतळ्याखालच्या पहिल्या फळीवर पंधरावी होती. १७३१ सालीं त्या संग्रहाला आग लागली, पुढें तो ब्रिटिश म्यूझियममध्यें गेला, पुतळे डोक्यावरून नाहींसे झाले. तरी आजहि विद्वान् लोक त्या पोथीचा पत्ता व्हिटेलियस बादशहाच्याच नांवें देतात. घर गेलें तरी घरनंबर राहावा तसा हा प्रकार.

त्याच शतकांतील रोजनिशीकार सॅम्युएल पेपीस यांनीं आपलीं तीन हजार पुस्तकें उंचीवरून लावलीं. सर्वांत ठेंगण्या पुस्तकास क्रमांक एक, सर्वांत उंच पुस्तकास तीन हजार. एका ओळींत एखादें पुस्तक थोडें बुटकें पडलें तर त्याच्या खालीं लांकडाचा ठोकळा करवून घेऊन डोकीं सारखीं केलीं. केंब्रिज येथील मॉडलिन कॉलेजांत तो संग्रह तसाच ठेविलेला आहे. आपण हंसतों खरे, पण घरच्या कपाटांत आपण बहुतेक सारे पेपीसचेच अनुयायी आहोंत. ठोकळा करवून घेण्याइतकी चिकाटी मात्र आपल्यापाशीं नाहीं.

आपल्याकडे विद्यांची विभागणी फार प्राचीन आहे. चार वेद, सहा वेदांगें, मीमांसा, न्याय, पुराण व धर्मशास्त्र मिळून चौदा विद्या, ही गणना आपल्या बोलण्यांतहि रूढ झालेली आहे. परंतु ती ज्ञानाची विभागणी होती, कपाटाची नव्हे. पोथ्या दोन फळ्यांमध्यें ठेवून कापडांत बांधीत व तीं बासनें एकावर एक रचीत. सरकारी कागदांचे रुमाल बांधीत. पेशवे दप्तरांतील कागद पुण्यास याच रीतीनें राहिले. तंजावरचे मराठे राजे दुसरे सरफोजी यांनीं सरस्वती महालाचा जो संग्रह वाढविला, त्यांत संस्कृत, तमिळ, तेलुगु, मराठी असा नाना भाषांचा ठेवा आहे. पण बासनाला पाठ नसते. तें उभें राहत नाहीं, त्याचें नांव दुरून दिसत नाहीं. फळीवरून नजर फिरवीत चालणारा वाचक हा छापील व बांधीव पुस्तकानेंच निर्माण केला, हें ध्यानांत ठेवलें पाहिजे.

एकोणिसाव्या शतकापर्यंत सर्व मोठ्या ग्रंथालयांत स्थिर जागेची पद्धति होती. अमुक कपाट, अमुक फळी, अमुक क्रमांक. तोच पत्ता पुस्तकावर व सूचींत लिहिलेला. कपाट भरलें कीं नवें पुस्तक आपल्या भाऊबंदांपासून दूर, दुसऱ्या दालनांत. किंवा मग सारें पुन्हां मांडावयाचें, हजारों पुस्तकांवरचे आंकडे खोडावयाचे व सारी सूची नव्यानें लिहावयाची. पुस्तकें झपाट्यानें वाढूं लागलीं तसें हें काम अशक्य होत गेलें.

यांतून वाट काढली ती अमेरिकेंतील मेल्विल ड्यूई या तरुणानें. तो अ‍ॅमहर्स्ट कॉलेजचा विद्यार्थी असून तेथील ग्रंथालयांत काम करीत असे. १८७३ सालीं, वयाच्या एकविसाव्या वर्षीं, त्यानें कॉलेजच्या चालकांपुढें आपली योजना मांडली व १८७६ सालीं ती चव्वेचाळीस पानांच्या पुस्तिकेच्या रूपानें छापली. त्या पहिल्या आवृत्तीवर त्याचें नांवहि नव्हतें. वृद्धपणीं तो सांगे कीं, ही कल्पना आपणांस एका रविवारीं प्रार्थनामंदिरांत लांबलचक प्रवचन चाललें असतांना सुचली. लांब प्रवचनांचा असा उपयोग क्वचितच होतो.

कल्पना अशी. जागेला क्रमांक न देतां विषयाला क्रमांक द्यावयाचा, आणि तो दशांश अपूर्णांकाच्या रीतीनें. सर्व ज्ञानाचे दहा भाग केले. शून्यांत ज्ञानकोशासारखे सर्वसामान्य ग्रंथ, एकांत तत्त्वज्ञान, दोनांत धर्म, तिनांत समाजशास्त्रें, चारांत भाषा, पांचांत गणित व सृष्टिशास्त्रें, सहांत वैद्यक, शेती, यंत्रविद्या, गृहकृत्यें इत्यादि व्यावहारिक विद्या, सातांत ललितकला व खेळ, आठांत वाङ्मय, नवांत इतिहास, भूगोल व चरित्रें. प्रत्येक भागाचे पुन्हां दहा, त्यांचे पुन्हां दहा. ५ म्हणजे सृष्टिशास्त्र, त्यांत ५९ म्हणजे प्राणिशास्त्र, त्यांत ५९८ म्हणजे पक्षी. सलीम अली यांचें भारतीय पक्ष्यांवरील १९४१ सालचें प्रसिद्ध पुस्तक त्या आंकड्याखालीं सांपडेल. तीन आंकड्यांनंतर टिंब देऊन पुढें हवे तितके आंकडे वाढवितां येतात. म्हणून दोन विषयांमध्यें तिसरा विषय केव्हांहि शिरूं शकतो व मागच्यांस धक्का लागत नाहीं. कपाट भरलें तर पुस्तकें पुढें सरकवावयाचीं. पुस्तकावरचा आंकडा तोच राहतो. आगगाडींत नवा उतारू चढला तर बांकावरचे लोक सरकून बसतात, आपापलें तिकीट बदलीत नाहींत, तसें.

शिवाय कांहीं आंकडे कायमच्या अर्थाचे आहेत. भारताचा इतिहास ९५४ येथें, भारताचा भूगोल व प्रवासवर्णनें ९१५.४ येथें, हे ५ व ४ अन्य विषयांच्या आंकड्यांनाहि जोडतां येतात, व ते दिसले कीं सरावलेल्या वाचकाला भारताची चाहूल लागते. येथें नवख्या वाचकाची एक चूक नेहमीं होते. ९५४.१२ हा आंकडा ९५४.२ च्या आधीं येतो कीं नंतर? बारा दोनांहून मोठे म्हणून तो नंतर शोधतो आणि पुस्तक नाहीं असें समजून परत फिरतो. टिंबानंतरचे आंकडे एकेक करून वाचावयाचे असतात: पहिला एक, व पलीकडे पहिला दोन, म्हणून ९५४.१२ आधीं. शाळेंत दशांश अपूर्णांक शिकतांना ज्यांनीं कंटाळा केला, त्यांच्याकडून ग्रंथालय असा सूड उगवितें.

आतां आपल्या घराकडे वळूं. मराठी वाङ्मयाला या योजनेंत कोणती जागा मिळाली? आठ म्हणजे वाङ्मय. त्यांत ८१ अमेरिकन, ८२ इंग्रजी, ८३ जर्मन, ८४ फ्रेंच, ८५ इटालियन, ८६ स्पॅनिश, ८७ लॅटिन, ८८ ग्रीक. उरलेल्या सर्व जगाला ८९. त्या गर्दींत रशियन, फारसी, अरबी, चिनी, जपानी, आणि आपल्या देशांतल्या एकूणएक भाषा. आर्यभाषाकुलांतील ज्या भाषांना वर स्वतंत्र जागा मिळाली नाहीं त्यांना ८९१, त्यांत संस्कृतास ८९१.२ व अर्वाचीन भारतीय भाषांस ८९१.४, त्यांतून हिंदी ८९१.४३, बंगाली ८९१.४४, मराठी ८९१.४६, गुजराती ८९१.४७. यापुढें काव्याला एक, नाटकाला दोन, कथाकादंबरीला तीन, निबंधांना चार. म्हणजे इंग्रजी कादंबरीचा आंकडा ८२३, इतका सुटसुटीत. मराठी कादंबरीचा ८९१.४६३. आपल्या गांवच्या ग्रंथालयांत बहुतेक पुस्तकें मराठी असतात, आणि त्या प्रत्येकाच्या पाठीवर हे सहा आंकडे चिकटवावे लागतात. पाहुण्याला ओटीवर गादी व घरच्याला माळ्यावर जागा, अशी ही व्यवस्था झाली.

धर्माच्या विभागांत तर हें अधिकच उघड आहे. २२० पासून २८० च्या घरापर्यंत बायबल, ख्रिस्ती सिद्धांत, ख्रिस्ती पंथ व त्यांचा इतिहास. जगांतील बाकीच्या सर्व धर्मांस मिळून २९०. त्यांत बौद्ध २९४.३, जैन २९४.४, हिंदु २९४.५, इस्लाम २९७. स्त्रियांच्या स्थितीवरील पुस्तकांची गोष्ट ऐका. जुन्या आवृत्त्यांत त्यांचा आंकडा ३९६ होता. त्याच्या एका बाजूस ३९५ म्हणजे सभ्य वर्तनाचे नियम, व दुसऱ्या बाजूस ३९७ म्हणजे भटके व बहिष्कृत लोक. स्त्रियांचे हक्क, शिक्षण, मताधिकार यांविषयीं वाचावयास आलेल्या बाईला तीं पुस्तकें पंगतीचे रीतिरिवाज व भटक्यांच्या चालीरीति यांच्यामध्यें सांपडत. पुढें हा विषय तेथून हलवून समाजशास्त्रांत, ३०५.४ येथें, नेला आहे.

या सर्वांवरून ड्यूईला केवळ दोष देऊन भागणार नाहीं. एका लहान ख्रिस्ती कॉलेजांत १८७३ सालीं जीं पुस्तकें होतीं त्यांच्यासाठीं त्यानें तीं घरें आंखलीं. जेथें पुस्तकें दाट तेथें घरें अधिक. साऱ्या जगानें तोच आराखडा जसाच्या तसा उचलला, त्यांत जगाचा आळसहि आहे. ड्यूईचे पूर्वग्रह खरेच होते व त्याचें वर्तनहि निंद्य होतें. अमेरिकेंतील ग्रंथालय संघटनेनें २०१९ सालीं आपल्या एका पदकावरून त्याचें नांव काढून टाकलें तें उगीच नव्हे. पण त्याच्या योजनेंत दुरुस्तीची सोय आहे. आवृत्ति निघत गेल्या, घरें बदलत गेलीं. संगणकाला तर मूळ आराखड्यांत जागाच नव्हती, ती १९८५ सालीं शून्याच्या भागांत ००४ ते ००६ अशी मोकळी करून दिली. स्थानिक भाषेला किंवा धर्माला एखादें अक्षर घालून पुढची, आंखूड जागा द्यावी, असा पर्यायहि पुस्तकांतच दिलेला आहे. त्याचा उपयोग करून घेण्याचें धैर्य आपल्या ग्रंथपालांनीं अधिक दाखवावें असें माझें मत आहे. ज्या संग्रहांत दहांतील आठ पुस्तकें मराठी, तेथें मराठीला माळ्यावर ठेवण्याचें कारण काय?

असा विचार आपल्याकडे झालाच नाहीं असें मात्र नाहीं. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनीं १९१० सालीं विल्यम बोर्डन या अमेरिकन ग्रंथपालास बोलावून आपल्या राज्यांत मोफत ग्रंथालयांचें जाळें विणण्यास आरंभ केला. बोर्डन तीन वर्षें राहिले. बडोद्याच्या मध्यवर्ति ग्रंथालयासाठीं त्यांनीं अक्षरें व आंकडे यांची सांगड घालून निराळी वर्गीकरणपद्धति तयार केली. 'लायब्ररी मिसलेनी' नांवाचें नियतकालिक तेथून १९१२ पासून इंग्रजीबरोबर गुजराती व मराठींतूनहि निघत असे. ग्रंथालय म्हणजे केवळ कपाटें नव्हेत, तें चालविण्याचें एक शास्त्र आहे, ही गोष्ट मराठी वाचकांपर्यंत प्रथम नेणारांत बडोद्याची गणना केली पाहिजे.

परंतु मूलगामी उत्तर दिलें तें मद्रासच्या एका गणिताच्या अध्यापकानें. शियाळी रामामृत रंगनाथन् यांचा जन्म १८९२ सालचा. मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजांत गणित शिकवीत असतां १९२४ सालच्या आरंभीं ते विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले. वाचक तुरळक, काम थोडें. त्यांना इतका कंटाळा आला कीं, मला पुन्हां शिकवावयास पाठवा म्हणून त्यांनीं विनंति केली. आधीं लंडनला जाऊन या विद्येचें शिक्षण घेऊन या, मग पाहूं, असें उत्तर मिळालें. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजांत शिकत असतां त्यांनीं अनेक ग्रंथालयें पाहिलीं, व ड्यूईच्या पद्धतींतील गोम त्यांच्या गणिती बुद्धीला जाणवूं लागली. आधीं सारीं घरें आंखून ठेवावयाचीं व नंतर पुस्तक त्यांपैकीं एकांत कोंबावयाचें. जें घर आंखलेलें नाहीं, अशा विषयाचें पुस्तक आलें तर?

याचें उत्तर त्यांना सेल्फ्रिज नांवाच्या मोठ्या दुकानांत मिळालें. तेथें मुलांचें मेकॅनो हें खेळणें मांडलेलें होतें. भोंकें पाडलेल्या पट्ट्या, चाकें, खिळे, मळसूत्रें. त्यांतूनच मूल कधीं पूल करी, कधीं यारी, कधीं गाडी. तयार खेळणीं देण्याऐवजीं सुटे भाग व ते जोडण्याची रीत द्यावी. विषयांचेंहि असेंच कां करूं नये? १९३३ सालीं त्यांची पद्धति प्रसिद्ध झाली. जोडण्याचें मळसूत्र म्हणून त्यांनीं, आपल्या विसर्गासारखीं दिसणारीं, इंग्रजी लेखनांतील दोन टिंबें घेतलीं. म्हणून तिला द्विबिंदु वर्गीकरण म्हणतात.

त्यांचें म्हणणें असें कीं, कोणत्याहि विषयाला पांच प्रश्न विचारावे. मुख्य वस्तु कोणती, ती कशाची, तिच्यावर कोणती क्रिया, कोणत्या स्थळीं, कोणत्या काळीं. यांना त्यांनीं व्यक्तित्व, द्रव्य, शक्ति, स्थल व काल अशा अर्थाचीं नांवें दिलीं. एक प्रसिद्ध उदाहरण घेऊं. फुप्फुसांच्या क्षयावर क्ष-किरणांनीं उपचार करण्याविषयीं भारतांत १९५० सालीं झालेलें संशोधन. इतक्या गुंतागुंतीच्या विषयाला तयार घर कोठून असणार? रंगनाथन् तें जोडून दाखवितात. वैद्यकास एल हें अक्षर, फुप्फुसांस ४५, क्षयास ४२१, उपचारास ६, क्ष-किरणांस २५३, संशोधनास एफ, भारतास ४४ व सालास एन ५. मध्यें ठराविक खुणा घालून हे तुकडे ओळीनें लिहिले कीं त्या पुस्तकाची जगांतील नेमकी जागा ठरली. क्षयाऐवजीं दुसरा रोग असेल तर एकच तुकडा बदलावयाचा. भाषेंत थोड्या धातूंपासून व प्रत्ययांपासून असंख्य शब्द होतात त्याच जातीची ही रचना आहे, आणि संस्कृत जाणणाऱ्या गणितज्ञाला ती सुचावी यांत नवल नाहीं.

मग ही पद्धति सर्वत्र कां नाहीं? कारण व्यावहारिक आहे. आंकडा फार लांब होतो, तो बारीक पुस्तकाच्या पाठीवर मावत नाहीं, आणि तो वाचावयास वाचकाला शिकावें लागतें. भारतांतील कांहीं ग्रंथालयांनीं ती स्वीकारली, बहुसंख्यांनीं ड्यूईच ठेवला. पण कल्पना वायां गेली नाहीं. ड्यूईच्या पुढील आवृत्त्यांतहि सुटे भाग जोडण्याची रीत वाढत गेली, आणि आज संगणकावर वस्तु निवडतांना किंमत, आकार, रंग, कंपनी अशा निरनिराळ्या बाजूंनीं यादी बारीक करीत जाण्याची जी सोय असते, तिची जात तीच आहे. १९३१ सालीं त्यांनीं ग्रंथालयशास्त्राचीं जीं पांच सूत्रें सांगितलीं त्यांतील पहिलें इतकेंच आहे कीं, पुस्तकें वापरण्यासाठीं आहेत. आणि चौथें, वाचकाचा वेळ वांचवावा. हीं सूत्रें दिसावयास बाळबोध आहेत. तीं सांगण्याची पाळी कां आली, तें कुलुपबंद कपाटें पाहिलेल्या माणसाला विचारावें.

विषयाचा आंकडा झाला, पण एका आंकड्याखालीं शेंकडों पुस्तकें असतात. ८९१.४६३ याखालीं सारी मराठी कादंबरी. त्यांचा आपसांतील क्रम ग्रंथकाराच्या नांवावरून लावतात, आणि येथें आपल्या नांवांचा घोटाळा सुरू होतो. आडनांव घ्यावें तर तुकारामास शोधणारा कोणी आंबिले या आडनांवाखालीं शोधणार नाहीं. संतांना नांवानें व अर्वाचीनांना आडनांवानें, असा तोडगा काढला तर टोपणनांवें आड येतात. केशवसुतांना दामले म्हणून कोण ओळखतो? राम गणेश गडकरी यांनीं नाटकें स्वतःच्या नांवें, कविता गोविंदाग्रज या नांवें व विनोदी लेख बाळकराम या नांवें लिहिले. वाङ्मयप्रकारावरून ते आधींच तीन फळ्यांवर वांटले गेलेले, त्यांत नांवेंहि तीन. ज्ञानेश्वर 'ज' मध्यें पाहावे कीं 'ज्ञ' वर्णमालेच्या शेवटीं, 'ह' च्या नंतर? यांतील कोणतेंहि उत्तर चालेल, पण एकदां ठरवून तें लिहून ठेवलें पाहिजे व नवा ग्रंथपाल आला म्हणून बदलतां कामा नये. येथें मदतीला येते ती तालिका. फळीवर पुस्तक एकदांच उभें राहूं शकतें, तालिकेंत त्याचें नांव दहा ठिकाणीं घालतां येतें. 'ओरायन' खगोलाखालींहि नोंदवावा, 'दामले' येथें 'केशवसुत पाहा' असें लिहावें. शंकर गणेश दाते यांची 'मराठी ग्रंथसूचि' १९४३ सालीं निघाली. १८०० ते १९३७ पर्यंतचीं मराठी पुस्तकें तींत विषयवार लावलेलीं आहेत. एका माणसानें केलेल्या त्या कामावांचून आपल्या वाङ्मयाची एकंदर जमीन किती हेंच आपणांस कळलें नसतें.

आतां एक अप्रिय गोष्ट. हें सारें शास्त्र त्या वाचकासाठीं आहे जो फळ्यांमधून स्वतः चालतो. इंग्लंडांत क्लार्कनवेल येथील सार्वजनिक ग्रंथालयानें १८९४ सालीं वाचकांना आंत सोडलें, तेव्हां तेथील ग्रंथपाल जेम्स डफ ब्राउन यांच्यावर केवढा गहजब झाला. लोक पुस्तकें चोरतील, उलटींपालटीं करतील. हळूहळू बहुतेक देशांनीं दारें उघडलीं. आपल्याकडे अजून कित्येक ठिकाणीं खिडकी, खिडकीपलीकडे कर्मचारी, व अलीकडे चिठ्ठी धरून उभा असलेला सभासद, हाच प्रकार चालूं आहे. अशा ग्रंथालयानें वर्गीकरणाचा खटाटोप कशाला करावा? दाखल क्रमांकानें लावलीं तर जागाहि वांचेल. खरोखरच ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयानें २०१० सालीं स्विंडन येथें जें प्रचंड कोठार उघडलें, त्यांत वाचक जात नाहींत, म्हणून पुस्तकें विषयावरून न लावतां आकारावरून लावलीं आहेत; प्रत्येकावर यंत्रानें वाचावयाची खूण. साडेतीनशें वर्षांनीं पेपीसचाच विजय झाला म्हणावयाचा. कोठार म्हणून तें योग्यच आहे. पण ज्याला आपणांस काय हवें तें नेमकें ठाऊक नाहीं, अशा पंधरा वर्षांच्या मुलाला खिडकींतून कांहीं मिळत नाहीं. पक्ष्यांचें एक पुस्तक घ्यावयास जावें व शेजारचें सापांचें घेऊन यावें, ५९७ आणि ५९८ एकमेकांस लागून आहेत म्हणून, हा लाभ त्याला फळीच देऊं शकते.

आपल्या वस्तींतील ग्रंथालय उघडें असेल, तर पुढच्या खेपेस गेल्यावर एवढें करून पाहावें. तालिकेंतून एका आवडत्या पुस्तकाचा आंकडा काढावा, त्या फळीशीं जावें, पण तें पुस्तक लगेच न उचलतां त्याच्या डावीकडचीं व उजवीकडचीं पांचपांच पुस्तकें चाळावीं. आणि चाळून झाल्यावर तीं आपल्या हातानें फळीवर परत ठेवूं नयेत, तेथील मेजावर ठेवावीं. बहुतेक ग्रंथालयांत तशी पाटी असते, व वाचकांना ती अविश्वासाची वाटते. तिचें कारण निराळें आहे. दोन लाख पुस्तकांत जें एक पुस्तक आपल्या जागेपासून दोन हात दूर ठेविलें गेलें, तें तालिकेंत हजर असतें, नोंदवहीप्रमाणें कोणी नेलेलें नसतें, आणि पुढच्या पडताळणीपर्यंत कोणालाहि सांपडत नाहीं.